पहिलं बरं की दुसरं?

नंबरकाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पळून जाता येत नसे. नाकावर लोखंडी चौकट, तिच्या खाचांत काका एकामागून एक भिंगं सरकवणार, एक डोळा काळ्या झाकणाने बंद आणि उरलेल्या डोळ्याला समोरच्या तक्त्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसणार. अशा अवस्थेत माणूस जाईल कुठे? गेलाच तर काउंटरवर आपटेल. काकांना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांनी जन्मभर गैरफायदा घेतला.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. रुंदीला जेमतेम, लांबीला मात्र बोगद्यासारखं, कारण अक्षरांचा तक्ता लांब टांगावा लागतो. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ती पाटी नीट वाचता येत असती तर लोक आत कशाला आले असते? सगळे त्यांना नंबरकाकाच म्हणत. हात हलका, स्वभाव गोड आणि जीभ अखंड चालू. भिंग घालताना विचारणार, "पहिलं बरं की दुसरं?" आणि ते काढता काढता विचारणार, "मग तो तुमचा भाडेकरू गेला की अजून चिकटलाय?" गिऱ्हाईक अक्षरं वाचता वाचता घरची भांडणं सांगून मोकळं होई.

हा प्रश्न त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरीही सुटत नसे. भिंतीला रंग द्यायचा, तर दोन नमुने बायकोच्या डोळ्यांसमोर आलटून पालटून धरणार. "पहिला बरा की दुसरा? परत बघ. आता?" काकू पोस्टात खिडकीवर बसत. दिवसभर रांगेला उत्तरं देऊन घरी आलेल्या बाईला हे कसं झेपावं? "दोन्ही बरे, पण तुम्ही आवरा," असं म्हणून त्या चहा टाकायला निघून जात.

या दोघांची एकुलती एक लेक. तिला पाळण्यातलं नाव होतं, पण बोलायला लागल्यापासून तिने एवढे प्रश्न विचारले की काकूंनीच वैतागून तिचं नाव शंका ठेवलं आणि तेच राहिलं. पाणी गोल का फिरतं, झुरळ उलटं पडलं की सुलटं का होत नाही, काकांच्या टकलावर केस उगवायचे कधी थांबले आणि कुणी सांगितलं त्यांना थांबायला. काका कधी चिडले नाहीत. उत्तर येत नसलं की म्हणायचे, "विचारून सांगतो." आणि खरंच खुर्चीतल्या कुणाला तरी विचारून सांगायचे.

शंका बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. विज्ञानाचीच पदवी करायची, हे तिचं ठरलं होतं. कोणत्या विज्ञानाची, तिथे गाडी अडली. तिला सगळंच थोडं थोडं आवडत होतं आणि कॉलेजला तर एकच मुख्य विषय सांगायचा होता, तोही पुढच्या सोमवारपर्यंत. एका संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बाबा, रसायनशास्त्र केलं की माणूस पुढे काय होतो?"

"विचारून सांगतो," काका म्हणाले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशीपासून दुकानात जो येईल त्याची उलटतपासणी सुरू झाली. नुसती चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आलेल्यांनाही काका आग्रहाने खुर्चीत बसवू लागले. "आलाच आहात तर नंबर बघून टाकू. शिक्षण काय झालं म्हणालात?"

पहिले सापडले विमा एजंट. रसायनशास्त्राचे पदवीधर. "काका, तीन वर्षं परीक्षानळ्या धुतल्या," ते एका डोळ्याने तक्त्याकडे बघत म्हणाले. "आता लोकांना मरणाची भीती घालतो. मुलीला काहीही घेऊ द्या, रसायन नको." मग एका कार्यालयातले कारकून आले. त्यांनी प्राणिशास्त्र केलेलं. "बेडूक कापायचो. आता साहेब मला कापतो. प्राणिशास्त्र अजिबात नको." दुपारी भट्टी थंड असताना बेकरीवाला यायचा. तो भौतिकशास्त्रवाला निघाला. पाव फुगतो तेवढंच आपलं भौतिकशास्त्र उरलं, असं म्हणून तो स्वतःच खूप हसला. निवृत्त गणितवाले आजोबा तर चौकट नाकावर असतानाच उठून उभे राहिले. "गणित? आमच्या वेळी ठीक होतं. आता कुत्रं विचारत नाही."

काका रोज रात्री जेवायला बसले की त्या दिवशीचा निकाल जाहीर करत. ताटात भाजी पडायच्या आत एक शास्त्र निकालात निघे. सोमवारी रसायन गेलं, मंगळवारी प्राणी गेले, बुधवारी भौतिक आणि गणित एकाच घासाला गेले. गंमत अशी, की प्रत्येक जण दुसऱ्याची पदवी घ्यायला सांगत होता. रसायनवाल्याला भौतिक बरं वाटे, भौतिकवाल्याला रसायन. एक ना धड भाराभर चिंध्या! शंका सुरुवातीला हसत ऐकायची. मग नुसती ऐकायची. मग ताटाकडे बघत ऐकू लागली.

गुरुवारी काकांनी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायलं आणि तोडगा काढला. "हे बघ, सगळीकडे विचारून झालं. एकाही शास्त्रात राम नाही. तू आपला डोळे तपासायचा कोर्स कर. दुकान आहेच. जग इकडचं तिकडे होऊ दे, लोकांना दिसायचं कमी व्हायचं थांबत नाही. कसं?"

"बरं," शंका म्हणाली.

एवढंच म्हणाली. का नाही, कसं नाही, किती वर्षांचा नाही, तिथे काय शिकवतात नाही. ताट उचललं, धुतलं आणि आपल्या खोलीत गेली.

काका खूश. काकू मात्र नव्हत्या. त्या भांडी पुसत म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का, काय म्हणाली ती?"

"बरं म्हणाली. शहाणी आहे."

"या पोरीने जन्मल्यापासून एका वेळी एकच शब्द कधी उच्चारलाय का? ताप आला होता तेव्हासुद्धा थर्मामीटर तोंडात असताना प्रश्न विचारत होती. आणि आज बरं?" काकूंनी पातेलं जरा जोरातच ठेवलं. "तुमच्या वडिलांनी तुम्हाला दुकानात बसायला सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? तुम्हीच सांगितलं होतंत मला."

काकांनीही बरं, एवढंच म्हटलं होतं. भौतिकशास्त्राचं दुसरं वर्ष चालू होतं. वडिलांची नजर अधू झाली (चष्मेवाल्याची नजर जावी, हाही एक विनोदच), दुकान कुणीतरी बघायला हवं होतं आणि त्यांनी बरं म्हटलं. दुकान त्यांना आवडत नव्हतं असं मुळीच नाही. माणसं आवडत होती, भिंगं आवडत होती. पण त्या दिवशी आपल्याला कुणी काही विचारलं नव्हतं, हे त्यांना अजून आठवत होतं. आठवत होतं याचंच त्यांना जरा आश्चर्य वाटलं.

शुक्रवारी शंका "शिकायला" दुकानात आली. काउंटरमागच्या स्टुलावर बसली. काकांनी मोठ्या उत्साहाने भिंगांची पेटी उघडून दाखवली. तिने मान डोलावली. गिऱ्हाइकं येत होती, काका सवयीने पदव्या विचारत होते. आता त्याची गरज नव्हती, पण लागलेली सवय अशी थोडीच जाते? बारा वाजेपर्यंत तीन माणसं आली. सगळे निवृत्त किंवा निवृत्त झाल्यासारखे. दुपारी कारकून पुन्हा आले. त्यांना तर चष्म्याचं काही कामच नव्हतं, ऑफिसात करमत नव्हतं म्हणून आले होते. बेकरीवाला डुलकी काढून गेला.

शंका सगळं बघत होती. चार वाजता ती स्टुलावरून खाली उतरली. तिच्या कपाळावर दोन दिवसांत पहिल्यांदाच आठी पडली होती.

"बाबा, आपलं दुकान किती वाजता बंद होतं?"

"सहाला. तुला माहीत नाही का?"

"आणि रविवारी?"

"रविवारी बंदच असतं. रविवारी मी झोपतो," काका म्हणाले. त्यांच्या रविवारच्या झोपेला घरात घटनेतल्या मूलभूत हक्काचा दर्जा होता. काकू त्या दिवशी मिक्सरसुद्धा लावत नसत.

"मग ज्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम असतं, ते लोक चष्मा कुठे करतात?"

"ते जात असतील दुसरीकडे. मोठ्या रस्त्यावर दुकानं काय कमी आहेत?"

"म्हणजे तुम्ही आठवडाभर फक्त त्यांनाच विचारलंत, ज्यांना मंगळवारी दुपारी वेळ असतो!" शंकाचा आवाज चढला. "ज्यांना आपलं काम आवडतं, ते आत्ता कामावर आहेत बाबा! ते तुमच्या खुर्चीत येणार कसे? तुम्ही कंटाळलेल्या माणसांना विचारलंत की कंटाळा आला का, आणि ते हो म्हणाले!"

कारकून खुर्चीतच होते. त्यांनी जरा दुखावल्यासारखा घसा खाकरला, पण नाही म्हणाले नाहीत.

काकांना आधी राग आला. आठवडाभराची मेहनत होती. "म्हणजे मी काय खोटं सांगितलं का तुला?"

"खोटं नाही. अर्धं. आणि ते अर्धं कोणतं, तेही आपल्याला कळलं नाही." एवढं म्हणून तिने पुढे जे सुरू केलं, ते घरी पोचेपर्यंत संपलं नाही. रविवारी उघडलं तर कोण येईल? ते लोकही वेगळेच असतील, मग त्यांचंही सगळं खरं मानायचं का? ज्यांना चष्माच लागत नाही त्यांचं काय? जे गाव सोडून गेले त्यांना कोण विचारणार? काका तिच्या मागून चालत होते आणि वैतागल्याचं सोंग करत होते. खरं तर त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पोरगी परत आली होती.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे निवाडा दिला. "रविवारी दुकान उघडा."

"अगं पण माझी झोप…"

"इतकी वर्षं दुसऱ्यांचे डोळे उघडलेत, एक रविवार स्वतःचे उघडे ठेवा."

आणि रविवारी दुकान उघडलं. शंकाने दाराला पुठ्ठा लावला: आज उघडे आहे. अक्षरं एवढी मोठी काढली, की ती ज्यांना दिसणार नाहीत त्यांना चष्म्याऐवजी काठीच द्यावी. सकाळी अर्धा तास कुणी आलं नाही. काका डोळ्यांत पाणी आणून जांभया देत राहिले. मग एक आला, मग दोघे, आणि अकरापर्यंत बोगद्यात उभं राहायला जागा उरली नाही. एवढी घाईतली गिऱ्हाइकं काकांनी एका दिवसात कधी पाहिली नव्हती. हातात पिशव्या, खांद्यावर मुलं, "काका, लवकर होईल का?" काका भिंगं सरकवत होते आणि प्रश्न शंका विचारत होती. तिचा प्रश्न वेगळा होता. माणूस पुढे काय होतो, हे ती विचारतच नव्हती. ती विचारायची, "तुम्ही काल दिवसभर काय केलंत?"

रंगाच्या कारखान्यातला एक रसायनवाला आला. काल दिवसभर तो पिवळ्या रंगाशी भांडत होता, कारण वाळला की तो हिरवट पडत होता. हे सांगताना तो इतका रंगला, की चौकट घालूनच हातवारे करू लागला आणि एक भिंग उडून कुणाच्या तरी पिशवीत पडलं. जमिनीखालचं पाणी शोधणारी एक उन्हाने रापलेली बाई आली. काल तिने भर उन्हात खडक ठोकले होते, पाणी लागलं नव्हतं आणि उद्या पुन्हा ठोकायचे होते. एका प्रयोगशाळेतला मुलगा मात्र मनापासून वैतागलेला होता. दिवसभर तेच ते दुधाचे नमुने तपासायचे. "नुसत्या पदवीवर थांबलो, म्हणून इथेच अडकलो," तो म्हणाला. "पुढचं शिकलो असतो तर नमुने दुसऱ्याने आणले असते." म्हणजे रविवारी सगळेच सुखी निघाले असं नव्हे. काकांना त्यातल्या त्यात तेवढाच दिलासा मिळाला.

दुपार कलल्यावर औषधांच्या कंपनीतल्या एक मॅडम आल्या. जवळचं दिसेना म्हणून आल्या होत्या. शंकाने आपला प्रश्न विचारला.

"काल?" मॅडम एक डोळा झाकलेला असताना म्हणाल्या. "काल मी हरवलेली माणसं शोधत होते. आम्ही नवीन औषध काही लोकांना देऊन बघतो ना, त्यातले काही मधेच यायचे थांबतात. जे येत राहतात ते सांगतातच, बरं वाटलं म्हणून. पण जे आले नाहीत त्यांचं काय? बरे झाले म्हणून आले नाहीत, की त्रास झाला म्हणून? त्यांचा हिशेब धरला नाही तर औषध आहे त्याहून चांगलं दिसतं."

शंका जागच्या जागी थांबली. तिच्या हातातली भिंगांची पेटी काकांनी अलगद काढून घेतली, नाहीतर पडलीच असती. "हे… हे कशात शिकवतात?"

"संख्याशास्त्रात."

"मला वाटलं, त्यात नुसत्या सरासऱ्या काढतात."

"सगळ्यांना तसंच वाटतं. गणित भरपूर आहे हं, ते आवडत नसेल तर वाटेला जाऊ नकोस. संगणक शिकावा लागेल. पदवीनंतर आणखी शिकावं लागेल. आणि पहिली नोकरी कंटाळवाणी असते, दुसऱ्यांनी केलेल्या चुका पुसायची. पण रोग, पीक, पाऊस, विमा, जिथे जिथे माणसं अर्धं ऐकून पूर्ण ठरवतात, तिथे तिथे आमचं काम असतं."

अर्धं ऐकून पूर्ण ठरवणारा माणूस शेजारीच भिंग पुसत उभा होता. पुसून झालं तरी तो ते पुसतच राहिला.

सहा वाजता काकांनी शटर अर्धं ओढलं. काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या बाकावर टेकल्या. "सगळ्या गावाला विचारून आलात ना?" त्या काकांना म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिला शिकायचंय तिला विचारलंत का एकदा तरी?"

काकांनी शेवटचं भिंग पेटीत ठेवलं. समोरच्याला काय दिसतंय, हे चष्मेवाल्याला कधीच दिसत नाही. विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानून पुढचं भिंग उचलायचं, एवढाच काय तो हा धंदा. आजवर एकाही गिऱ्हाइकाला ते म्हणाले नव्हते की गप बस, तुला दुसरंच बरं दिसतंय. परक्या माणसाला जो मान दिला तो आपल्या पोरीला द्यायला आपण विसरलो, हे त्यांना फार लागलं.

"बस इथे," ते शंकाला म्हणाले. ती खुर्चीत बसली. त्यांनी सवयीने तिच्या नाकावर चौकट चढवली, भिंग मात्र घातलं नाही. "पहिलं, डोळे तपासायचा कोर्स. दुसरं, संख्याशास्त्र. पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं."

"घाई करू नकोस. परत पहिलं दाखवू?"

"नको बाबा. दुसरं."

"आणि पुढचं? पुढचं कसं दिसतंय?"

शंकाने खरोखरच समोरच्या तक्त्याकडे बघितलं. "वरची मोठी अक्षरं दिसतायत. शिकायचं काय, ते दिसतंय. खालची ओळ अजून नाही लागत. नोकरी कुठली, कुठे, ते काही माहीत नाही."

"खालची ओळ मलाही दिसत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"या तक्त्यावरची. दोन-तीन वर्षं झाली. पाठ आहे म्हणून रेटतो."

काकू बाकावरून उठल्याच. शंका खुर्चीतून खाली उतरली, चौकट काढली, काकांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि ती चौकट त्यांच्या नाकावर चढवली. एक डोळा झाकला. दुसऱ्या डोळ्यासमोर भिंग धरलं. नंबरकाका आयुष्यात पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले होते आणि समोर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. पळून जायची सोय नव्हती.

"पहिलं बरं की दुसरं?" शंकाने विचारलं. आणि उत्तर यायच्या आतच, भिंग बदलता बदलता, "बाबा, कॉलेज सोडलंत तेव्हा तुम्हाला काय व्हायचं होतं?"

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. वडिलांनी नाही, काकूंनीही नाही. काकांनी उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. ती पुसट दिसत होती, पण उत्तरासाठी थांबली होती.

"दुर्बिणी करायच्या होत्या," ते म्हणाले. "लांबचं बघायच्या. मोठाल्या."

"मग किती मोठं लागतं भिंग? आणि घासतात कशावर?"

या प्रश्नांची उत्तरं काकांना अगदी नेमकी येत होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली. काकूंनी जाऊन शटर पूर्ण खाली ओढलं आणि डबा उघडला.